मोठ्या एमचा मोर

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेवटून दुसरं शेड.
मे महिना. स्कुटीच्या सीटवर ओलं फडकं टाकलं होतं, तरी भाजलंच.
नरसय्याशेठ म्हणाले, बसा मॅडम,
आधी पाणी, मग भांडण.

भांडण असं:
ऑफिसात शेठचा जुना विंडोज,
डब्यावर हळदीकुंकू, आत अकरा वर्षांची उधारी.
डिझाइनच्या खोलीत निलोफरचं लिनक्स,
भावानं फुकट टाकून दिलेलं, पळतं मात्र झकास.
आणि पुण्याहून परतलेल्या चिरंजीवांचा मॅक,
त्याला सूतधूळ सोसत नाही, म्हणून तो एसीत.
तिघं एका पत्र्याखाली, एकाच डब्यातून निघालेल्या वायरींवर,
आणि कुणाच्याच यादीत बाकीचे दोघं नाहीत.

निलोफरनं दोन मोर काढले होते.
पिसारा फुललेला: मोर, मोठ्या एमनं.
पिसारा मिटलेला: मोर, छोट्या एमनं.
तिच्या मशिनीला हे दोन वेगळे पक्षी.
पेनड्राइव्हला एकच.
‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’
कुणीतरी घाईत हो म्हटलं.
चारशे टॉवेल निघाले मिटल्या पिसाऱ्याचे,
गिऱ्हाईक विजापूरचं, माल लग्नाच्या आहेराचा.

मला हसू आलं, ते गिळलं.
आपल्या लिपीत अक्षराला थोरलं-धाकटं नसतं.
क तो क,
शेठच्या पाटीवर आणि हमालाच्या चिठ्ठीवर.

कामाला लागले. काय टाकताय, शेठनी विचारलं.
सांबा.
सांब? आपला, तळ्यातला?
तसंच समजा, म्हटलं. भोळाच आहे,
समोरचा जी भाषा बोलेल तीच बोलतो.
शेठना यात नवल वाटलं नाही.
बायकोचा फोन ते तेलुगूत घेतात, ट्रकवाल्याला कन्नडात शिव्या घालतात,
बँकेशी मराठीत गोड बोलतात,
आणि निलोफरला चहा सांगताना नकळत दखनीत घसरतात.
संगणकाला एवढं जमू नये?

दुपारी दोनला लाइट गेली. तीनला आली.
साडेतीनला तिन्ही पडद्यांवर एकच फोल्डर उघडलं.
नाव मी देवनागरीत टाइप केलं, ‘सामायिक’,
आणि कुठंही चौकटी पडल्या नाहीत,
सगळ्या वेलांट्या जिथल्या तिथं.

मग खरी अडचण.
वाचायचं कुणी, लिहायचं कुणी?
वाचू दे सगळ्यांना, शेठ म्हणाले.
लिहायचं? त्यांनी मुलाकडं पाहिलं.
फक्त मी, मुलगा म्हणाला, नाहीतर परत मोर मरतील.
निलोफर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचत होती.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून अंबादास म्याकल बोलले,
आणि मला काय?
तीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केलेला माणूस,
आता मशीन बंद पडलं की हाक मारतात.
त्यांच्यासाठी जे खातं शिल्लक होतं त्याचं नाव होतं पाहुणा.
ते मोठ्यानं हसले. बरं, पाहुणा तर पाहुणा.
उठून फळीवरचा पुठ्ठ्यांचा जुना गठ्ठा काढला,
एक कार्ड खिडकीशी धरलं, उन्हाचे ठिपके पडले त्यांच्या बनियनवर.
ओकटी, रेंडू, मूडू,
भोक असलं की ताणा उचल, नसलं की राहू दे.
एवढंच होतं बाई. पासवर्ड नव्हता.

मी काही बोलले नाही. खालमानेनं टाइप करत राहिले.
निलोफरच्या नावापुढं एक डब्ल्यू जास्तीचा पडला.
छोटाच. बघणाऱ्याला दिसेलच असं नाही.

बिल आठशे, शेठनी सातशे दिले आणि वर एक टॉवेल.
कुठला ते सांगायला नको.
आईनं तो दिव्याखाली उलटसुलट केला.
छलो अद, म्हणाली, मोर निजलाय वाटतं.
मग सुताची पेळ सुटायच्या आत
पहिली धुणी माझ्याकडूनच करून घेतली.